शेवटच्या हुकमाची गोष्ट

१

शुक्रवारी दुपारी गिरगावातल्या एका पेन्शनर गृहस्थांना इंटरनेटवर स्वतःची शुगर सापडली. ते आपलं नाव टाकून भलतंच काही शोधत होते. शुगरच्या खाली शेजारणीचा थायरॉइड होता, आणि त्याच्याखाली समोरच्या इमारतीतल्या एका मुलीचा रिपोर्ट होता. तो तिने अजून घरीही सांगितला नसणार, हे वाचणाऱ्याला लगेच कळावं असा होता. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी मान फिरवली आणि लॅबच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. संध्याकाळपर्यंत मोजदाद झाली. दोनशे चौदा माणसांचे रिपोर्ट असे उघड्यावर पडले होते.

शनिवारी सकाळी ॲलॉयशियस परेरांनी हेरंब तिरोडकरला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. हे दार एरवी कधी लागत नसे.

परेरांची कंपनी लालबाग आणि परळच्या मधे, एका बंद गिरणीच्या आवारातल्या गाळ्यात होती. माणसं तेरा. लॅबमधली मशिनं आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारा, जेवणाच्या डब्याएवढा एक बॉक्स ते बनवत. बॉक्सच्या पोटात बरेच प्रोग्राम नांदतात. त्या सगळ्यांचा कारभारी म्हणजे कर्नल, आणि कर्नलच्या हाताखाली एक पहारेकरी असतो. कुठल्याही प्रोग्रामने आपला कप्पा सोडून दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालू नये, एवढंच त्याचं काम. बॉक्स चालू केला की कर्नल डोळे चोळतचोळत आधी एक फाईल वाचतो. तिच्यात हुकूम असतात, एका ओळीत एक: अमुक चालू ठेव, तमुक बंद ठेव.

गिरगावच्या बॉक्समधला पहारेकरी शुक्रवारी संध्याकाळी जागेवर नव्हता. तिथला लेबलं छापणारा प्रिंटर परक्या कंपनीचा होता. त्याचा प्रोग्राम हाताला लागेल ते उचलून आपल्या वेबसाइटवरच्या ढिगात टाकत बसला होता. त्या ढिगाला कुलूप नव्हतं.

परेरांनी फाईलचा फोटो हेरंबसमोर धरला. हेरंबने वरून खाली पाहिलं आणि त्याच्या जिवात जीव आला. पहाऱ्याबद्दल फाईलमध्ये तीन हुकूम होते. पहिला कंपनीतल्याच संघमित्राचा, नव्या पद्धतीचा: पहाऱ्यावर कोणकोण उभं राहील, म्हणजे पहारेकरी आणि त्याचे मदतनीस, त्यांच्या नावांची यादी. दुसरा हेरंबचा, तीच यादी, पण पहारेकऱ्याचं नाव गाळलेली. एप्रिलमध्ये पहारेकरी प्रिंटरला अडवत होता, लेबलं निघेनात, तेव्हा हेरंबने घटकाभरासाठी तसं केलं होतं. एकदा प्रिंटर मार्गी लागला की पुन्हा अडणार नाही, अशी त्याची समजूत होती. आणि सगळ्यात खाली तिसरा, निघताना त्यानेच लिहिलेला, जुन्या पद्धतीचा सुटसुटीत हुकूम: पहारा चालू.

कंपनीचा रिवाजच तसा होता, आणि तो हेरंबने आणला होता. त्याचे वडील गुणाजी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मागावरच्या पाटीवर आधीच्या पाळीच्या माणसाने लिहिलेलं ते कधी पुसत नसत, त्याचा मान ठेवून आपलं खाली लिहीत. सगळ्यात खालचं ते खरं. कर्नलही बहुतेक बाबतींत असाच वागतो. दोन हुकूम एकमेकांच्या उलट असले तर तो शेवटचा मानतो. त्यामुळे पंधरा वर्षांत या कंपनीत कोणी कोणाची ओळ पुसली नव्हती.

“माझा हुकूम शेवटचा आहे, आणि तो पहारा चालू असं सांगतोय,” हेरंब म्हणाला. “म्हणजे बॉक्स चालू असताना कोणीतरी हाताने पहारा उठवलाय.”

परेरांनाही तेच वाटत होतं. त्यासाठी बॉक्ससमोर बसावं लागतं आणि पासवर्ड लागतो. ढिगात सापडलेला सगळ्यात जुना रिपोर्ट आठ दिवसांपूर्वीचा होता, आणि नऊ दिवसांपूर्वी संघमित्रा एकटी गिरगावला जाऊन आली होती. सोमवारी अकरा वाजता डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांना एक नाव हवं होतं, आणि ते नाव ज्याचं असेल तो माणूस या कंपनीत नको होता.

“तू शोध,” परेरा म्हणाले. “सोमवारपर्यंत मला सांग, मॅन.”

हेरंब उठला. दाराशी पोचल्यावर परेरांनी मागून सहज सांगितलं, की हे काम हेरंबला द्या असं संघमित्रानेच सुचवलं होतं.

२

हेरंबच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं तीन वर्षांचं होतं. संघमित्रा आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, नायगावहून चालत यायची, आणि पहिल्याच महिन्यात तिने त्याने लिहिलेल्या एका प्रोग्राममधली चूक शोधून काढली. वर ती त्याला एकट्याला गाठून, हळू आवाजात सांगितली. चारचौघांत सांगितली असती तर त्याला निदान रागावता आलं असतं.

मग खिडकीजवळचं टेबल तिला मिळालं. मग काही अडलं की परेरा हेरंबला म्हणू लागले, संघमित्राला विचारलंस का. परेरांच्या बायको दर उन्हाळ्यात घरचा बॉटल मसाला करून, बियरच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ऑफिसात वाटत. आधी हेरंबला मोठी बाटली यायची आणि बाकीच्यांना लहान. गेल्या दोन वर्षांत संघमित्रालाही मोठी येऊ लागली. हेरंबने दोन्ही बाटल्या शेजारी धरून पाहिल्या नाहीत असं नाही. तिची बोटभर उंच होती. तो पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप होता आणि बाटल्या मोजत होता, हे त्याचं त्याला कळत होतं. कळून दुखणं कमी होत नव्हतं.

आता एक तारखेला परेरा तांत्रिक प्रमुख नेमणार होते. ते तीच, असं सगळा गाळा धरून चालला होता. तिच्या मेलांसाठी हेरंबने कॉम्प्युटरवर एक वेगळा कप्पा केला होता आणि त्याला नाव दिलं होतं ‘नंतर’. तिचं काही आलं की न उघडता तिथे टाकायचं.

आणि आज हीच मुलगी अलगद त्याच्या ओंजळीत येऊन पडली होती. त्याला आनंद झाला. तो लपवण्यासाठी त्याने चेहरा गंभीर केला आणि मयूरला घेऊन खाली चहाला गेला.

मयूर बॉक्स बसवायचा, वायरी ओढायचा. शेजारच्या डंकावर मिरची कुटली जात होती, त्यामुळे त्याची निम्मी साक्ष शिंकण्यात गेली. शुक्रवारी सहा वाजता तो गिरगावला पोचला. पहारेकरी जागेवर नाही हे पाहिलं, फाईलचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, वायर उपसली आणि बॉक्स पिशवीत घालून घेऊन आला. तेव्हापासून बॉक्स कपाटात बंद होता, पुन्हा कोणी चालू केला नव्हता. पासवर्ड तिघांकडेच होता: परेरा, हेरंब, संघमित्रा.

“दादा, माका काय वाटता सांगू?” मयूरने आवाज खाली आणला. “मॅडम गेली तेव्हाच काय ते झालं. आता एक तारखेला तुमचाच नंबर.”

हेरंबने त्याला दटावलं आणि त्याच्या चहाचे पैसेही दिले.

३

दुपारी हेरंब गिरगावात लॅबच्या काउंटरसमोर उभा होता. काउंटरवर दर्शना होती. सुया टोचणारे आणि डॉक्टर येत-जात, पण लॅब चालवायची ती. सकाळपासून तिने इतक्या शिव्या ऐकल्या होत्या की हेरंबला पाहताच तिने आधी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग स्वतःच पिऊन टाकला.

हेरंबने संघमित्राच्या भेटीबद्दल विचारलं. दर्शनाने सांगितलं, की मॅडम वीस मिनिटं बसल्या. स्क्रीनवरची मराठी अक्षरं तुटत होती, ती त्यांनी नीट केली. बॉक्स बंद वगैरे काही केला नाही. दुसरं काही केलं का, ते तिला कुठून कळणार.

“त्या बसलेल्या असताना तू इथेच होतीस?”

“मध्ये दोन पेशंट आले. मी सँपल घ्यायला आत गेले होते.”

हेरंबने वहीत लिहिलं: पाच मिनिटं एकटी. ते अक्षर जरा जास्तच वळणदार आलं.

निघता निघता दर्शना म्हणाली की बाकी काही असो, तो प्रिंटर हेरंबने लाख दुरुस्त केला. आधी दिवसातून दहा वेळा अडायचा. एप्रिलमध्ये हेरंब येऊन गेला, तेव्हापासून आजतागायत एकदाही नाही. त्या मॅडमनाही तिने हे सांगितलं होतं. हेरंब सुखावला. दोन दिवसांत त्याच्याबद्दल कोणी बरं बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. त्याने ते वहीत न लिहिता खिशात टाकावं तसं मनात ठेवलं.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. प्रिंटरवाल्या कंपनीला तिने फोनवर झाडलं होतं. तिथला माणूस म्हणाला, बाई, तुम्ही काळजी करू नका, त्या ढिगातलं आठ दिवसांपेक्षा जुनं आपोआप पुसलं जातं. हेरंबने हे मात्र लिहिलं, कारण लिहायची सवय होती. लिहिताना त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. पाचला संघमित्रा ऑफिसात भेटणार होती.

४

ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीचाच. हेरंब समोर खुर्ची ओढून बसला आणि त्याने विचारलं, की नऊ दिवसांपूर्वी काय काय केलंस. तिने सांगितलं: अक्षरं नीट केली. पहाऱ्याला हात लावला नाही. त्याला साक्षीदार आहे का, तर नाही.

तिच्या आईला या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि धाकटा भाऊ अजून शिकत होता, हे हेरंबला ठाऊक होतं. रुग्णांचे रिपोर्ट फोडले म्हणून काढलेल्या माणसाला मुंबईत दुसरी कुठली कंपनी दारात उभं करणार? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाजूला सारला. शोधणाऱ्याने हळवं होऊन चालत नाही, असं त्याने स्वतःला बजावलं.

“माझं नाव तू का सुचवलंस?” त्याने विचारलं.

“तुम्ही अर्धवट सोडत नाही म्हणून.”

यात टोमणा आहे का, ते त्याला ठरवता येईना. ती थोडा वेळ टेबलावरच्या पेनाशी खेळत राहिली. मग तिने विचारलं, “सर, मार्चमध्ये मी सगळ्यांना एक टिपण पाठवलं होतं. बॉक्स उठतानाच्या हुकमांबद्दल. वाचलंत का?”

“वाचलं,” हेरंब म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. हेरंबला वाटलं, आता ही विचारणार त्यात काय होतं म्हणून. तिने विचारलं नाही.

“मग बॉक्स एकदा चालू करा,” ती म्हणाली. “मी हात लावला तर लोक म्हणतील पुरावा पुसला. तुम्ही करा. आणि उठताना तो काय पुटपुटतो ते वाचा.”

ती पर्स उचलून निघून गेली. हेरंब कपाटापाशी गेला, चावी लावली, आणि पुन्हा काढून घेतली. बॉक्स चालू करून काय मिळणार होतं? हाताने उठवलेला पहारा बॉक्स नव्याने चालू झाला की आपसूक जागेवर येतो, तसा तो येईल. संघमित्राने हाताने उठवला हेच त्यातून दिसेल. घाई कशाला, उद्या बघू, असं म्हणून तो घरी गेला. खरं सांगायचं तर एक रात्र तरी त्याला ती दोषी असलेली हवी होती.

५

रविवारी सकाळी वैशाली, म्हणजे हेरंबची बायको, मच्छी साफ करत होती आणि हेरंब ओट्याला टेकून तिला सगळी हकीकत सांगत होता. सांगताना दर्शनाने केलेलं कौतुक तो विसरला नाही.

“पहारेकरीच प्रिंटरला अडवायचा, कळलं का? दिवसातून दहा वेळा. मी एप्रिलमध्ये गेलो, तुझ्या मिरच्या डंकावर टाकल्या होत्या तोच दिवस. तेव्हापासून प्रिंटर एकदाही...”

तो थांबला.

“एकदाही काय?” वैशालीने विचारलं.

हेरंबला पुढचं वाक्य बोलवेना. पहारेकरी प्रिंटरला अडवतो. एप्रिलपासून प्रिंटर अडला नाही. मग एप्रिलपासून पहारेकरी होता कुठे? एकदा लेबल निघालं की पहारेकरी पुढे ओळख ठेवतो, ही समजूत त्याने स्वतःच करून घेतली होती, कुठे वाचली नव्हती. ओळख ठेवून सोडणारा पहारेकरी काय कामाचा? आणि ढिगात आठच दिवसांचे रिपोर्ट का, तर आठ दिवसांपेक्षा जुनं तिथे राहतच नाही. कालच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. गळती आठ दिवसांची नव्हती. किती दिवसांची, ते ढिगावरून कळणारच नव्हतं.

पण शेवटचा हुकूम तर पहारा चालू असा होता.

त्याने चपला पायात सरकवल्या. मच्छी होतेच आहे एवढ्यात, असं वैशाली म्हणत राहिली.

गाळा रिकामा होता, खालचे डंकही बंद. हेरंबने बॉक्स कपाटातून काढला, स्क्रीन जोडला, वायर लावली. उठताना कर्नल भराभर शेकडो ओळी स्क्रीनवर पुटपुटतो. पंधरा वर्षांत हेरंबने त्या कधी वाचल्या नव्हत्या, फार वेगाने जातात म्हणून. आज त्याने मोबाइल समोर धरून त्यांचं चित्रण केलं.

बॉक्स उठला. पहारेकरी जागेवर नव्हता.

म्हणजे हाताने कोणी उठवला नव्हता. हाताने उठवलेला आता परत उभा राहिला असता. कर्नलने हुकूम वाचूनच त्याला उभं केलं नव्हतं. हेरंबने चित्रण मागे नेलं, थांबवलं, पुन्हा मागे नेलं. सुरुवातीलाच, सातव्या-आठव्या ओळीत, कर्नलने स्वच्छ सांगितलं होतं: नव्या पद्धतीची यादी दिलेली आहे, म्हणून जुन्या पद्धतीच्या हुकमाकडे दुर्लक्ष केलं आहे.

त्याने ‘नंतर’ नावाचा कप्पा उघडला. एकशे सहा मेल होते, सगळे न वाचलेले. मार्चचं टिपण दीड पानाचं होतं, साध्या मराठीत, मयूरलाही कळेल असं लिहिलेलं. तिसरा मुद्दा असा होता: ‘शेवटचा हुकूम खरा, हा आपला नियम बहुतेक ठिकाणी चालतो, पण पहाऱ्याच्या बाबतीत नाही. नवी यादी कुठेही असली की जुना हुकूम रद्द, मग तो अगदी शेवटी का लिहिलेला असेना. दोन नव्या याद्या असतील तर त्यांतली नंतरची धरली जाते. म्हणून इथे तरी जुनी ओळ पुसूया. हेरंबसर, तुमचा रिवाज मोडतेय, माफ करा.’

शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं.

तीन हुकमांतला शेवटचा, त्याचा, कर्नलने वाचलाच नव्हता. उरल्या दोन याद्या. त्यांतली नंतरची धरायची, आणि ती पहारेकऱ्याचं नाव गाळलेली, तीही त्याचीच. एप्रिलच्या त्या दुपारपासून गिरगावच्या लॅबचं दार सताड उघडं होतं, आणि कुलूप लावलं म्हणून तो मिरच्या घेऊन घरी गेला होता.

रिवाज जपताना चूक झाली असं म्हणता आलं असतं, पण टिपण वाचलं असतं तर ती नक्की झाली नसती. आणि टिपण न वाचण्याचं कारण फक्त एवढंच होतं, की ते तिने लिहिलं होतं.

समोर फाईल उघडी होती. मधली ओळ पुसायला एक क्षण पुरला असता. मग तिची यादी उरली असती, पहारेकरी उभा राहिला असता, आणि बॉक्स चालू केल्यावर पहारा आपोआप परत आला, म्हणजे हाताने उठवला होता, म्हणजे संघमित्रा. मयूरने काढलेला फोटो ग्रुपवर होता, टिपणही सगळ्यांना गेलेलं होतं, पण फोटो पाहून सगळ्यांना पहारा चालूच वाटला होता. या गाळ्यात दुसरा अर्थ लावू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते उद्या अकरा वाजता नोकरीतून जाणार होतं.

हेरंबचं बोट त्या ओळीवर बराच वेळ होतं.

६

सोमवारी अकराला डॉक्टरीणबाई आल्या. परेरा, संघमित्रा, मयूर आणि हेरंब टेबलाभोवती बसले. दर्शनालाही बाईंनी बरोबर आणलं होतं. परेरांनी हेरंबला खूण केली.

हेरंबने आधी दर्शनाला विचारलं, की एप्रिलपासून प्रिंटर किती वेळा अडला. ती म्हणाली, एकदाही नाही. मग त्याने ढिगातल्या आठ दिवसांचं सांगितलं. मग बॉक्स टेबलावर ठेवून सगळ्यांसमोर चालू केला आणि पहारेकरी आजही उभा राहत नाही हे दाखवलं. म्हणजे हाताने कोणी काही केलेलं नाही, दोष हुकमांतच आहे आणि एप्रिलपासूनचा आहे. चित्रण थांबवून त्याने कर्नलची ती ओळ मोठ्याने वाचली.

“पण शेवटचा हुकूम तर तुझा आहे,” परेरा गोंधळून म्हणाले. “तू चालू लिहिलंयस.”

“तो वाचलाच गेला नाही. वाचली गेली ती मधली यादी. पहारेकऱ्याचं नाव गाळलेली.”

“ती कोणाची?”

“माझी.”

डॉक्टरीणबाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

“असं करू नका हे संघमित्राने मार्चमध्येच लिहून पाठवलं होतं,” हेरंब म्हणाला. “मी वाचलं नाही. वाचलं म्हणून तिला खोटं सांगितलं. वाचलं नाही, कारण मी तिच्यावर जळतो. तुम्हाला नाव हवं होतं ना बाई, ते हेरंब गुणाजी तिरोडकर.”

त्याला वाटलं होतं, हे बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या, आणि जे बोलल्या ते त्याने ऐकून घेण्यासारखंच होतं. शेवटी त्या म्हणाल्या, की याला काढून माझ्या पेशंटना काय मिळणार. एप्रिलपासूनच्या बाकीच्यांना मी पत्रं पाठवीन, पण या दोनशे चौदा जणांना फोन कोण करणार, माझी दर्शना? परेरांनी हेरंबकडे पाहिलं. हेरंब म्हणाला, मी करतो. ते पुरे होईपर्यंत त्याचा पगार बंद राहील, बॉक्सला तो हात लावणार नाही, आणि पुढचं परेरा नंतर ठरवतील, असं ठरलं. तांत्रिक प्रमुख कोण, यावर कोणाला काही बोलावंच लागलं नाही.

सहा दिवस हेरंब गिरगावच्या लॅबमधल्या एका स्टुलावर बसून फोन करत होता. कोणी ओरडलं, कोणी कोर्टात खेचतो म्हणालं, पेन्शनर गृहस्थांनी त्याला शुगरवर मेथीचा उपाय सांगितला. समोरच्या इमारतीतल्या मुलीचा नंबर त्याने चार वेळा लावला आणि चार वेळा वाजायच्या आत बंद केला. पाचव्यांदा तिने उचलला. त्याने सगळं सांगितलं.

“कोणी केलं हे?” तिने विचारलं.

“मी.”

“तुम्ही स्वतःच फोन करताय?”

“हो.”

“ठीक आहे,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी हेरंबला आणखी फोन करता आले नाहीत.

सातव्या दिवशी तो गाळ्यात परतला तेव्हा संघमित्रा गिरगावचा बॉक्स पुढ्यात घेऊन बसली होती. प्रिंटरला त्याच्या कप्प्यापुरती वाट करून देऊन बाकी सगळं बंद करायची सोय तिने केली होती. हेरंबने खुर्ची ओढली आणि इतके दिवस मनात साठलेलं विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“अंदाज होता. मयूरने फोटो टाकला तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस? शनिवारीच सुटली असतीस.”

“मी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, सरांवर जळते म्हणून त्यांचं नाव घेते.” तिने बॉक्स जरा बाजूला सरकवला. “आणि खोटं नसतं म्हणाले. तीन वर्षं मी काहीही करून दाखवलं की परेरा सर म्हणतात, छान, पण हेरंबला एकदा दाखव. तुमचं नाव ऐकलं की मला जेवण जात नाही.”

दोघांनीही केबिनकडे पाहिलं. परेरा फोनवर कोणाशी तरी मजेत बोलत होते.

“आणि मी कबूल केलं नसतं तर?”

“तर गेले असते,” ती म्हणाली. “रविवारी रात्रभर तेच डोक्यात होतं. आईला सांगितलं नव्हतं.”

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. फाईलमध्ये ते तीन हुकूम अजून तसेच होते. खालचे दोन तुमचे, तुम्हीच पुसा, असं ती म्हणाली आणि कीबोर्ड पुढे सरकवला. पाटीवर बोट न टेकवणारे गुणाजी जॉबर हेरंबला आठवले. त्याने कीबोर्ड परत तिच्याकडे ढकलला.

“तू पूस,” तो म्हणाला.

तिने एक पुसला, मग दुसरा. पंधरा वर्षांत या गाळ्यात दुसऱ्याची ओळ पुसली गेली ती पहिल्यांदाच. फाईलमध्ये फक्त तिचा हुकूम उरला. बॉक्स चालू झाला आणि पहारेकरी मुकाट्याने जागेवर जाऊन उभा राहिला.

हेरंबच्या पोटात दुखलं. पण थोडंच, आणि जेवायची वेळही झाली होती.